सहा मयतांची सर्दी

“या बाई तुमच्याकडे आल्या होत्या का? तुमच्या नाकात काडी घालून नमुना घेतला होता का?”

डॉ. केळुसकरांनी अक्काताई बुगडला विचारलं. इचलकरंजीत आमच्या वॉर्डातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तीस-बत्तीस माणसं उभी होती, सगळी यंत्रमागावरची. अक्काताई मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिच्या पाठीमागं तिचा शेडमालक उभा होता, कारण कामगारांना गोळा करून आणायला डॉक्टरांनी मालकांनाच सांगितलं होतं. अक्काताईनं एकदा मालकाकडं पाहिलं. मी तिचा नमुना घेतला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, तिनं चालू पाळीत मशीन थांबवलं होतं आणि काडी नाकात जाताच माझ्या बाहीवर शिंकली होती. मालकासमोर तिला मशीन थांबवल्याचं कबूल करायचं नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला काय आठवत न्हाई.”

डॉक्टरांनी वहीत खूण केली. मग माझ्याकडं न बघता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हावळबाई, साठ माणसांची नाकं तुमच्या एकटीच्या घरात होती म्हणायची.”

लोक हसले. मी ज्यांना ताई-मावशी करून तयार केलं होतं तीच माणसं.

ही दोन हजार बारा सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी पुष्पलता हावळ, तेव्हा छत्तीस वर्षांची. डॉ. केळुसकर जिल्ह्याच्या ठिकाणी एका वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. सर्दी-खोकला झालेल्या मोठ्या माणसांच्या नाकातले नमुने घ्यायचे आणि त्यांत कोणकोणते विषाणू आहेत ते बघायचं, असं त्यांचं काम चाललं होतं, आणि इचलकरंजीतले नमुने गोळा करायला त्यांनी मला नेमलं होतं. नेमणुकीच्या दिवशी त्यांनी मला ते फार छान समजावून सांगितलं होतं. सर्दी म्हणजे एक रोग नव्हे, बाई. तिचे विषाणू शे-दीडशे, आणि त्या प्रत्येकाची पुन्हा घराणी. प्रत्येक विषाणूच्या पोटात अक्षरांची एक लांबलचक माळ असते, आणि घराणं बदललं की माळेतली काही अक्षरं बदलतात. लहान मुलांच्या सर्दीचा अभ्यास होतो, मोठ्यांच्या सर्दीकडं कुणी बघत नाही. एका गावात, एका थंडीत, मोठ्या माणसांच्या नाकांत किती घराणी नांदतात ते आपण बघणार. मला ते आवडलं होतं. शेडमध्ये जाऊन मी बायकांना तसंच सांगायचे, की तुमच्या नाकात कुणाचं घराणं पाहुणं आलंय ते बघायचंय. त्या हसायच्या आणि मान वर करायच्या.

पहिल्या खेपेला मी साठ नळ्या पाठवल्या. एक्केचाळीस नळ्यांत एकच विषाणू निघाला, अक्षर न् अक्षर सारखा. साठ वेगवेगळ्या माणसांत असं होत नाही, हे मलाही कळत होतं. केळुसकरांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की बाई शेडमध्ये गेल्याच नाहीत. घरी बसून स्वतःचं नाहीतर नवऱ्याचं नाक साठ वेळा पुसलं आणि खोटी नावं लिहिली. चौकशी म्हणजे तो व्हरांडा. तेवीस जण ‘आल्या होत्या’ म्हणाले. अक्काताई आणि आणखी चौघीजणी ‘नाही’ म्हणाल्या. त्यांना पाचच पुरले. मला कामावरून काढलं.

माझा नवरा सदाशिव मागाच्या शेडमध्येच जॉबर होता, बिघडलेले माग लावून द्यायचा. त्याला रोज ऐकावं लागलं. चहाच्या गाड्यावर कुणी शिंकलं की कुणीतरी म्हणायचं, सदाभाऊ, हे बी तुमच्याच घरातलं का? त्या चहाच्या गाड्यावर जायचं त्यानं सोडलं. मुलीच्या वर्गातही कुणीतरी फळ्यावर नाकाचं चित्र काढलं होतं. मी त्या दिवसांत भाकरी थापताना, कपडे पिळताना एकच गोष्ट करायचे: केळुसकरांना तशाच एका व्हरांड्यात उभं करायचे आणि समोरच्या माणसांना हसायला लावायचे. माणसं बदलायची, व्हरांडा बदलायचा, त्यांचा चेहरा बदलायचा नाही. तो प्रत्येक वेळी उतरलेला असायचा.

युक्ती मला वडिलांवरून सुचली. माहेरी, मी लहान असताना, दूध संघाच्या केंद्रावर फॅट काढायचं नवं यंत्र आलं होतं आणि सगळ्यांच्या दुधाला एकच फॅट दाखवत होतं. केंद्रावरचा माणूस म्हणायचा, तुम्हीच सगळे पाणी घालता. एके सकाळी वडिलांनी एका कॅनमध्ये विहिरीचं नुसतं पाणी भरलं, थोडा चुना कालवून जरा पांढरं केलं आणि रांगेत लावलं. यंत्रानं त्या पाण्यालाही तेवढंच फॅट दाखवलं. पुढचा आठवडाभर तो माणूस गावातून मान खाली घालून जात होता.

माझ्याकडं काम सुटल्यावरही नऊ नळ्या उरल्या होत्या. नळीत गुलाबीसर औषध असतं. काडी नाकात फिरवायची, त्यात मोडायची, झाकण लावायचं, एवढंच. मी सहा नळ्या उघडल्या, कोऱ्या काड्या पाकिटातून काढून थेट आत मोडल्या आणि झाकणं लावली. कुणाच्या नाकाजवळ त्या गेल्याच नाहीत. मग सहा फॉर्म भरले. नावं लिहिताना हात थांबला, कारण जिवंत माणसाला पुन्हा कुणी व्हरांड्यात उभं करून विचारू शकलं असतं. म्हणून मी आमच्या गल्लीतली मेलेली माणसं घेतली. पहिलं नाव सासूबाईंचं लिहिलं. त्यांना माझी नोकरी कधी पसंत नव्हती. म्हटलं, आता जरा उपयोगी पडा. त्यांच्याखाली पाच जण, सगळे गेल्या चार वर्षांत गेलेले, सगळ्यांच्या मयताला मी स्वतः गेलेली. माझ्या जागी आलेली मुलगी दुपारी दवाखान्याच्या मागं डबा खायला बसायची. तिला न सांगता मी त्या नळ्या तिच्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, फॉर्म तिच्या गठ्ठ्यात सारले, आणि घरी आले.

महिनाभर काही कळलं नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी दारात निलोफर उभी राहिली.

निलोफर मुजावर केळुसकरांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, मिरजेची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी नळ्या पोचवायला जायचे तेव्हा ती त्या मोजून घ्यायची आणि नेहमी चहा पाजायची. त्या घटनेनंतर ती पहिल्यांदाच भेटत होती. सदाशिव बाहेर गेला होता. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. पिशवीतून तिनं सहा फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवले.

“तुमचा ‘ह’ मला ओळखता येतो, ताई,” ती म्हणाली.

तिनं मग सगळं सांगितलं. माणसाच्या नाकातून काडी फिरली की विषाणू सापडो न सापडो, त्या माणसाच्या पेशी काडीला लागतातच. त्या आहेत की नाहीत हे प्रत्येक नळीत तपासलं जातं. या सहा नळ्यांत पेशी नव्हत्या. माणूसच नव्हता. पण विषाणू मात्र सहाही नळ्यांत होता, आणि तोच, अक्षर न् अक्षर तोच. यंत्र नीट चालतंय का हे बघायला प्रयोगशाळेत एक ओळखीचा विषाणू ठेवलेला असतो. त्याचा एखादा थेंब तपासणीच्या औषधाच्या बाटलीत गेला होता. त्या बाटलीतलं औषध पडलेल्या बहुतेक नळ्यांत तो दिसत होता, एखादीत निसटत होता.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच खेपेला.”

त्यांच्याकडंही दर वेळी एक कोरी नळी लावतात, ती म्हणाली. तिच्यात काही दिसायला नको. पहिल्या खेपेला त्या कोऱ्या नळीत विषाणू दिसला होता. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, सरांना दाखवलं. सर म्हणाले, फक्त कोरी नळी पुन्हा लाव. दुसऱ्या वेळी ती स्वच्छ आली. मग सर म्हणाले, आता झालं, नवीन औषध परदेशातून यायला दोन महिने लागतात, आणि रजिस्टरचं ते पान त्यांनी काढून घेतलं. पण पान देण्याआधी तिनं त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती.

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

तिनं मान खाली घातली. “भ्याले,” एवढंच म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं मागायचं ते मागितलं. बुधवारी दिल्लीहून मोठी माणसं येणार होती, ज्यांच्या संस्थेनं हे काम दिलं होतं ती. मी तिथं येऊन गोंधळ घालणार, अशी तिला भीती वाटत होती. तिनं बंगळूरला पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. चार जानेवारीला मुलाखत होती, आणि तोपर्यंत केळुसकरांच्या शिफारसपत्राची गरज होती. जागा पक्की झाली की त्याच दिवशी ती झेरॉक्स आणि या सहा नळ्यांचे कागद सहीनिशी दिल्लीला पाठवणार होती. तिनं शपथ घेतली. पत्रात माझं नाव पहिलं असेल, असंही म्हणाली.

“तीन आठवडे थांबा, ताई. बुधवारी काही निघालं तर सर माझ्यावरच ढकलतील. टेबल माझं आहे.”

“बघते,” मी म्हणाले.

तिला ते होकारासारखं वाटलं असावं. जाताना ती पाणी प्यायली, तिनं चपला घातल्या, आणि कोपऱ्यावरून वळून मला हात केला.

बुधवारी मी चांगलं पातळ नेसले आणि साडेआठची एसटी पकडली. कॉलेजच्या दारावरचा शिपाई मला ओळखत होता. मला काढल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. पुढं दिल्लीचे तिघं, त्यांत डॉ. राघवन नावाच्या एक वयस्क बाई, पांढरे केस, खादीची साडी. निलोफर भिंतीकडेच्या खुर्चीवर फायली मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी तिच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

केळुसकर पडद्यावरचं चित्र काठीनं दाखवत होते. झाडासारखं चित्र होतं. प्रत्येक फांदी म्हणजे एक घराणं, प्रत्येक पान म्हणजे एक माणूस. एका जागी पानांचा दाट झुबका झाला होता. ते म्हणाले, पहिल्या खेपेचे एक्केचाळीस नमुने बाद करावे लागले, कारण गोळा करणाऱ्या व्यक्तीनं अप्रामाणिकपणा केला. दुसऱ्या खेपेला मात्र याच विषाणूचे तेवीस नमुने मिळालेत, ते खरे आहेत. याचा अर्थ या थंडीत मागकामगारांत एकाच घराण्याची लाट आलेली दिसते.

मी उठले. हिंदीत बोलायचं मी एसटीत घोकलं होतं, पण तोंडातून मराठीच निघालं.

“सर, ती अप्रामाणिक बाई मी. एक विचारायचंय. या तेवीस जणांत सुभद्रा हावळ हे नाव आहे का?”

काठी पडद्यावरच थांबली. ते म्हणाले, बाई, तुम्हाला इथं कुणी येऊ दिलं? दिल्लीच्या बाईंनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि त्या मराठी समजत असल्यासारख्या माझ्याकडं वळून हिंदीत म्हणाल्या, बोलू द्या त्यांना. मी सहाही नावं म्हटली. त्यांनी समोरच्या यादीत बोट फिरवलं. सगळी होती.

“सुभद्रा हावळ माझ्या सासूबाई,” मी म्हणाले. “त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बाकीचे पाचही वारलेत. नगरपालिकेचे दाखले माझ्या पिशवीत आहेत. या सहा मयतांना सर्दी कशी झाली, ते सरांनी सांगावं.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. पण केळुसकरांचा चेहरा मात्र मी दोन महिने बघत होते तसाच झाला, अगदी तसाच. ओठ उघडे, गालांचा रंग गेलेला. मी तो बघून घेतला. ते सावरून म्हणाले, म्हणजे बाईंनी पुन्हा स्वतःचंच नाक पुसून मेलेल्यांच्या नावावर घातलं, यात नवीन काय? त्यावर डॉ. राघवननी विचारलं, या सहा नळ्यांत माणसाच्या पेशी मिळाल्या होत्या का? केळुसकरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी निलोफरकडं पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं.

निलोफर उभी राहिली. फाईल उघडायची तिला गरज नव्हती.

“नव्हत्या, मॅडम. सहाही नळ्या कोऱ्या होत्या. त्यांसाठी हावळताईंनी कुणाचंही नाक पुसलेलं नाही.”

त्या एका वाक्यानं माझ्या नावावरचा डाग धुतला गेला. तिथं मी खाली बसायला हवं होतं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. डॉ. राघवन म्हणाल्या, म्हणजे विषाणू प्रयोगशाळेतच नळ्यांत जातोय. केळुसकरांनी मान वळवली. “निलोफर, त्या टेबलावर कोण काम करतं?”

“मी, सर.”

“असं काही आढळलं तर मला सांगायचं, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?”

ती काही बोलायच्या आत मीच बोलले. मला राहवलं नाही. तिनं तुम्हाला सप्टेंबरातच सांगितलं होतं, मी म्हणाले, लिहूनही दिलं होतं, आणि तुम्ही रजिस्टरचं पान काढून घेतलंत. परवाच्या रविवारी माझ्या घरी येऊन तिनं हे सांगितलंय. विचारा तिला.

डॉ. राघवननी तिला विचारलं. अगदी हळू विचारलं, आजीनं विचारावं तसं. निलोफरनं आधी केळुसकरांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. अक्काताईनं त्या दिवशी मालकाकडं पाहिलं होतं, माझ्याकडं नाही. ही माझ्याकडंच बघत होती.

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मी सरांना असं काही सांगितलं नव्हतं.”

चहाच्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं. खोटं का बोललीस, मी विचारलं. तुझ्याकडं झेरॉक्स होती. एका शब्दात तो माणूस संपला असता. ती पायरीवर उभी राहून फायली छातीशी धरून होती, आणि रडत नव्हती.

“मी तीन आठवडे मागितले होते,” ती म्हणाली.

“पण आता हे तुझ्यावर येईल.”

“आलंच आहे. सरांच्या विरुद्ध बोलून नोकरी घालवलेली मुलगी बंगळूरला कोण घेणार? टेबलावर चूक केलेली मुलगी निदान दुसऱ्या टेबलावर तरी बसेल.” दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वळली. “आणि आता ती झेरॉक्स दाखवली तर मी आज खोटं बोलले, हेच आधी सिद्ध होईल.”

आठवड्याभरात तिला काढलं. तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळं नमुने दूषित झाले, असं अहवालात लिहिलं गेलं. केळुसकरांनी नवीन औषध मागवलं, ते आल्यावर सगळं काम पहिल्यापासून केलं, आणि ते फार प्रामाणिकपणानं केलं म्हणून त्यांचं नाव झालं. त्याआधीच, सव्वीस जानेवारीला, ते स्वतः इचलकरंजीला आले. त्याच व्हरांड्यात त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि बोलले, की एका सामान्य कार्यकर्तीनं आमच्या शास्त्राला धडा शिकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काताई रडली. सदाशिव त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर गेला. मला पुन्हा कामावर घेतलं होतं, आणि मी रुजू झाले. त्यांच्या हाताखाली मी पुढं तीन वर्षं काम केलं.

निलोफरचं पुढं काय झालं ते मला नीट माहीत नाही. हुबळीला कुठल्याशा रक्ततपासणी केंद्रात होती, असं एकदा कानावर आलं. मिरजेला तिच्या घरी मी एकदा गेले होते. तिच्या आईनं मला ओळखलं नाही आणि मी नाव सांगितलं नाही.

तिनं मागितलेले तीन आठवडे म्हणजे डिसेंबराचे उरलेले दिवस आणि जानेवारीचे पहिले थोडे. तिच्या पत्रानंही माझं नाव तेवढंच स्वच्छ झालं असतं, आणि केळुसकर खुर्चीवरून गेले असते. हे मला त्या रविवारी, ती दारात चपला घालत होती तेव्हाच कळलं होतं. पण ते पत्रानं झालं असतं. दिल्लीत कुणीतरी लखोटा फोडला असता, कुणीतरी सही केली असती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मला कुणीतरी कळवलं असतं. मला ते समोर बघायचं होतं.

ते मी बघितलं. त्यांची काठी पडद्यावर थांबली तेव्हा सभागृहाच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी मान वळवून निलोफरकडं पाहिलं तेव्हा पंचवीस.